विहिरीवरील मोबाईल यंत्र आणि निरंक पत्रक

गेल्या चार-पांच वर्षांत विहिरीवरील मोटारीच्या स्टार्टरास जोडावयाच्या मोबाईल यंत्राचा प्रसार आमच्या तालुक्यांत इतक्या झपाट्यानें झाला आहे कीं, ज्या शिवारांत पूर्वीं रात्रभर बॅटरीचे उजेड हलतांना दिसत, तेथें आतां काळोख असतो आणि मोटारी मात्र चालू असतात. हा पालट आम्हांस समाधानाचा वाटतो. पुढें जी टीका येणार आहे ती या यंत्राच्या विरोधकाची नव्हे. तें स्वतः विकत घेऊन, त्याचा लाभ घेऊन, आणि एकदां आपल्याच गैरसमजुतीमुळें ठोकर खाऊन शहाण्या झालेल्या माणसाची ती आहे, हें आरंभींच सांगून ठेवणें बरें.

शेतीपंपांस तीन फेजचा पुरवठा पाळीपाळीनें, कांहीं दिवस दिवसां तर कांहीं दिवस रात्रीं मिळतो, हें बागाईतदार बंधूंस सांगावयास नको. सौर कृषि वाहिनीची योजना २०१७ सालीं निघाली तेव्हांपासून कित्येक गांवांस दिवसां वीज मिळूं लागली आहे. परंतु ज्यांच्या वांट्यास अजून रात्रींची पाळी आहे त्यांस मध्यरात्रीं अंथरूण सोडून, बांधाबांधानें विहीर गांठून, ओल्या हातानें पत्र्याच्या पेटींतील बटण दाबावें लागतें. वाटेंत साप, आणि जुन्नर, संगमनेर, अकोले अशा तालुक्यांत उसांत दबा धरून बसलेला बिबट्या. इतक्या खटपटीनें जावें तों वीज गेलेली असावी, आणि घरीं परत यावें तों ती पुनः आलेली असावी, हा अनुभव ज्यानें घेतला नाहीं असा रात्रपाळीचा बागाईतदार विरळा. घरीं निजल्या जागेवरून फोन लावावा व मोटार सुरू व्हावी, ही सोय या लोकांस वरदानासारखी वाटली तर त्यांत नवल तें काय? शिवाय ही सोय परदेशांतून तयार होऊन आलेली नाहीं. पुण्याचे अभियंते श्री. संतोष ओस्तवाल यांनीं 'नॅनो गणेश' या नांवानें असें यंत्र सिद्ध केलें आणि २००९ सालीं नोकिया कंपनीच्या स्पर्धेंत त्यास पारितोषिक मिळालें. आज अनेक कारखानदार अशीं यंत्रें करतात आणि बाजारांत कांहीं हजार रुपयांस तीं मिळतात.

आमची तक्रार यंत्राविषयीं नसून तें ज्या समजुतीनें घेतलें जातें तिजविषयीं आहे. बहुतेक लोक हें यंत्र लांब दोरीचें बटण म्हणून घेतात. वास्तविक बटण हा त्याचा अर्धा भाग, आणि तोहि कमी मोलाचा. विहिरीवर कांहीं बिघाड झाला असतां धन्यास हांक मारून उठविणारा राखणदार हा त्याचा दुसरा अर्धा भाग होय. हा राखणदार जागा आहे कीं नाहीं याची चौकशी कोणी करीत नाहीं. तो ओरडत नाहीं म्हणजे सर्व कुशल आहे असें समजून आपण झोंपीं जातों.

त्याच्या राखणदारीची योग्यता ध्यानांत यावी म्हणून मोटार कां जळते तें आधीं थोडक्यांत पाहूं. तीन फेजपैकीं एक गेला असतां चालती मोटार लागलीच थांबत नाहीं. ती उरलेल्या दोन फेजांवरच ओढ काढूं लागते आणि त्यांतून नेहमींच्या दीड पटीहूनहि अधिक प्रवाह घेते. गुंडाळी तापते आणि थोड्याच वेळांत करपल्याचा वास येतो. दुसरें कारण कोरडें चालणें. पाणबुडी मोटारीस थंडावा मिळतो तो भोंवतालच्या पाण्यापासून. बोअरांतील पाणी खालीं गेलें कीं तिचें रक्षण करणारें कोणी उरत नाहीं. तिसरें, रोहित्राचें काम करतांना फेजांचा क्रम बदलला तर मोटार उलटी फिरते व नळीला पाणी येत नाहीं. चांगल्या मोबाईल यंत्रांत या सर्वांची दखल घेण्याची योजना असते. तें तिन्ही फेजांचा दाब पाहतें. मोटार किती अँपियर घेत आहे तें मोजतें. पांच अश्वशक्तीची मोटार साधारणपणें सात-आठ अँपियर घेत असतां आंकडा एकाएकीं फार खालीं गेला तर पाणी संपलें, आणि फार वर चढला तर कांहीं अडकलें असें समजून तें मोटार तोडतें आणि नोंदविलेल्या फोनवर तसें कळवितें. यांतील तोडण्याचें काम जागच्या जागीं होतें, त्यास मोबाईलच्या जाळ्याची गरज नाहीं. कळविण्याचें काम मात्र सर्वस्वीं त्या जाळ्यावर अवलंबून आहे, आणि आम्ही फसलों तें नेमके येथें.

ती हकीकत सांगतों. आमची शेती तालुक्याच्या गांवापासून बारा किलोमीटरवर आहे. नोकरींतून मोकळे झाल्यावर आम्हीं विहिरीवर यंत्र बसविलें आणि त्याच महिन्यांत रात्रींचा गडी कमी केला. यंत्राची किंमत त्याच्या पगारांतून कांहीं महिन्यांतच सुटेल असा हिशेब आम्हीं वहींत मांडून ठेविला होता. पहिले कांहीं दिवस मोटार सुरू झाली कीं फोन, बंद झाली कीं फोन, वीज गेली कीं फोन, असा रात्रभर सपाटा चाले. घरांतील मंडळी कंटाळलीं. तेव्हां बसविणाऱ्या मिस्त्रीस बोलावून आम्हीं असा हुकूम दिला कीं, वीज आल्यावर मोटार आपोआप सुरू व्हावी आणि बिघाड झाला तरच आम्हांस कळवावें. एक सबंध हंगाम हें उत्तम चाललें. माघांत ठिबकावरचा दोन एकर कांदा पोसण्यास लागला असतां आम्ही मुलीकडे नाशिकास गेलों. निघण्यापूर्वींच यंत्रांतील सिमकार्डाची मुदत संपून गेली होती आणि आम्हांस त्याची वार्ता नव्हती. पाठोपाठ रोहित्रावरचा एक फ्यूज गेला. यंत्रानें आपलें काम चोख केलें. एक फेज नाहीं असें पाहून त्यानें मोटार सुरूच होऊं दिली नाहीं आणि आम्हांस फोन करण्याचा आपला प्रयत्न केला. पण मुदत संपलेल्या सिमवरून हांक जाणार कशी? आठव्या दिवशीं आम्ही परत आलों तेव्हां मोटार शाबूत होती आणि कांदा माना टाकून पडला होता. त्या हलक्या जमिनींत ऐन पोसण्याच्या वेळचे आठ दिवस म्हणजे काय, हें कांदा उत्पादकांस सांगावयाची गरज नाहीं. कांद्याचा आकार लिंबाएवढा राहिला, आणि गड्याचा वांचविलेला पगार त्यांत अनेक पटींनीं गेला. गडी असता तर सिमकार्ड असो वा नसो, दुसऱ्या सकाळीं तो दारांत येऊन "मोटार चालंना" म्हणून उभा राहिला असता.

त्या दिवशीं आम्हांस आपल्या जुन्या कचेरीची आठवण झाली आणि स्वतःची लाज वाटली. तहसील कचेरींत आमची उणींपुरीं चौतीस वर्षें गेलीं. तेथें ज्यास निरंक पत्रक म्हणतात त्याची ख्याति चांगली नाहीं. 'कांहीं घडलें नाहीं' हें कळविण्यासाठीं कागद कशाला खर्च करावा, अशी थट्टा आम्हींहि तरुणपणीं केली आहे. परंतु पावसाळ्यांत रोज सकाळीं मंडळामंडळांतून पावसाचे आंकडे घेण्याचें काम आमच्याकडे आलें तेव्हां या पत्रकाचें मर्म कळलें. दहा मंडळांचे आंकडे आले आणि एकाचा आला नाहीं, तर त्या रकान्यांत शून्य लिहिण्याचा अधिकार कारकुनास नसे. शून्य म्हणजे पाऊस झाला नाहीं. रिकामा रकाना म्हणजे काय झालें तें ठाऊक नाहीं. कदाचित् पर्जन्यमापकच वाहून गेला असेल आणि गांवांत पाणी शिरलें असेल. ज्या मंडळाकडून खबर येत नाहीं तेथें सर्वांआधीं माणूस धाडावयाचा, असा आमच्या एका वृद्ध वरिष्ठांचा दंडक होता. चौतीस वर्षें ज्या माणसानें शून्य आणि रिकामा रकाना यांतील भेद पाळला, त्यानेंच आपल्या विहिरीपुरता रिकाम्या रकान्यांत शून्य लिहून टाकलें!

म्हणून आमचें मत असें आहे कीं, विहिरीवरील यंत्राकडून रोज ठराविक वेळीं निरंक पत्रक घेतलेंच पाहिजे. कित्येक नव्या यंत्रांत ही सोय असते. रोज अमुक वाजतां तिन्ही फेजांचा दाब, मोटारीची स्थिति व मागील चोवीस तासांत ती किती वेळ चालली, एवढा संदेश तें आपण होऊन धाडतें. विकत घेतांना या सोयीची चौकशी प्रथम करावी आणि ती नसेल तर दुसरें यंत्र पाहावें. ज्यांच्याकडे जुनें यंत्र आहे त्यांनींहि निराश होऊं नये. बहुतेक यंत्रें फोन किंवा संदेश केला असतां आपली स्थिति सांगतात. तेव्हां रोज सकाळीं एकदां विचारण्याची संवय धन्यानेंच लावून घ्यावी. घरांत शाळेंत जाणारें मूल असल्यास हें काम त्याजकडे द्यावें व वहींत आंकडे लिहून घ्यावे. महिनाभराचे आंकडे एकाखालीं एक पाहिले असतां मोटारीचा अँपियरचा आंकडा हळूंहळूं चढत आहे कीं काय हेंहि दिसून येतें; तो चढणें ही बेअरिंग झिजल्याची किंवा पंपांत गाळ गेल्याची आगाऊ सूचना असूं शकते.

आतां सिमकार्डाविषयीं, कारण निम्म्याहून अधिक तक्रारींचें मूळ तेथें असतें असें आम्हांस आढळलें. स्वस्तांतील बरींच यंत्रें केवळ २जी जाळ्यावर चालणारीं आहेत. जिओ कंपनीचें जाळें २०१६ सालीं सुरू झालें तें ४जीचेंच. तिजकडे २जी नाहीं, आणि म्हणून तिचें सिम असल्या यंत्रांत घातलें तर तें कितीहि वेळ ठेवलें तरी जागें होणार नाहीं. आमच्या एका शेजाऱ्यानें या एका कारणानें तीन वेळां यंत्र परत केलें आणि दुकानदारानें तीन वेळां तें बदलून दिलें. दोघांनाहि मर्म उमगलें नाहीं. शिवाय २जी जाळें सदासर्वकाळ राहीलच असें समजूं नये. ऑस्ट्रेलियांत टेलस्ट्रा कंपनीनें २०१६ च्या डिसेंबरांत आपलें २जी बंद केलें, आणि अमेरिकेंत एटी अँड टी कंपनीनेंहि त्याच सुमारास तेंच केलें. तेव्हां त्या जाळ्यावर विसंबलेलीं यंत्रें धडधाकट असूनहि मुकीं झालीं. आपल्याकडे तें अजून चालू आहे, पण नवीन यंत्र घेणाऱ्यानें थोडे पैसे अधिक देऊन ४जीचें घेणें दूरदर्शीपणाचें होईल.

कोणत्या कंपनीचें सिम घ्यावें याचा निवाडा घरांत बसून करूं नये. तें साध्या फोनांत घालून स्टार्टरच्या पेटीपाशीं उभें राहून फोन करून पाहावा. विहीर खोलगट जागीं असली तर बांधावर मिळणारी रेंज पेटीपाशीं मिळत नाहीं. ही परीक्षा एकदां वीज नसतांनाहि करावी. गांवची वीज गेली कीं कांहीं ठिकाणीं मोबाईलचा टॉवरहि थोड्या वेळानें मूग गिळून बसतो, आणि वीज गेल्याची खबर आपणांस हवी असते ती नेमकी त्याच वेळीं. याच कारणास्तव यंत्राच्या पोटांत स्वतःची लहानशी बॅटरी असावी. ती नसेल तर वीज जातांच यंत्रहि बंद पडतें आणि वीज गेल्याचें सांगावयास कोणी राहत नाहीं. यंत्राचा अँटेना लोखंडी पेटीच्या आंत कोंबूं नये. लोखंडाच्या पेटींतून लहरी बाहेर पडत नाहींत. छिद्र पाडून तो बाहेर काढावा आणि छिद्रास रबराची कडी बसवावी, म्हणजे पाणी व पाली आंत जाणार नाहींत. सिमवरील पिनचें कुलूप काढून टाकावें. मुदतीची तारीख घरच्या भिंतीवरील दिनदर्शिकेवर, शक्य तर मुदतीच्या आठ दिवस आधींच्या चौकटींत, लाल शाईनें लिहावी. या यंत्रास इंटरनेटचें महागडें रिचार्ज नको असेल तर केवळ बोलणें व संदेश यांपुरतें रिचार्ज मागावें. तसें उपलब्ध करून देण्याचा नियम दूरसंचार नियामक प्राधिकरणानें डिसेंबर २०२४ मध्यें केला असून त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवण्याची मुभा दिली आहे. वर्षाचें एकदम भरावें आणि मोकळें व्हावें.

बसवून झाल्यावर मिस्त्री पैसे मागतो तेव्हां फोनवरून मोटार चालू-बंद करून दाखवितो आणि आपण पैसे देतों. आम्ही म्हणतों, त्या वेळीं त्यास आणखी अर्धा तास थांबवावें. मेन स्विच पाडून त्यानें एक फ्यूज काढून ठेवावा, स्विच पुनः वर करावा, आणि यंत्र मोटार अडवितें कीं नाहीं व आपल्या खिशांतील फोन वाजतो कीं नाहीं हें आपल्या डोळ्यांनीं व कानांनीं पाहावें. जो बिघाड आपण मुद्दाम करून पाहिला नाहीं त्याची खबर यंत्र देईल असा भरवसा धरूं नये. येथेंच एका वाईट चालीचा उल्लेख करणें भाग आहे. विजेचा दाब कमी-जास्त होऊन यंत्र वारंवार मोटार तोडूं लागलें कीं कांहीं लोक वायरमनकडून रक्षणाचा भाग बाजूस सारून तार थेट जोडून घेतात. चालू-बंद करणें तेवढें शिल्लक राहतें आणि राखणदाराचे हातपाय बांधले जातात. पुढें मोटार जळली म्हणजे दोष मात्र यंत्राच्या माथीं!

याहून गंभीर अशी एक गोष्ट आहे. दुरून मोटार सुरू करणारास विहिरीवर कोण आहे तें दिसत नाहीं. गेल्या पावसाळ्यांत आमच्या शेजारच्या विहिरीवर एक मिस्त्री पंपाची ग्लँड बदलीत बसला होता. त्यानें स्टार्टरचें लाल बटण दाबून मोटार बंद केली होती व तेवढ्यानें आपलें काम झालें असें तो समजला. धन्याचा मुलगा पुण्यास नोकरीस. त्यानें तेथून फोनांत पाहिलें तों वीज आहे आणि मोटार बंद आहे. वडील विसरले असतील अशा भल्या बुद्धीनें त्यानें ती सुरू केली. मिस्त्रीच्या सदऱ्याची बाही फिरत्या दांड्यांत गुंडाळली जाऊन खांद्यापासून फाटून गेली, म्हणून हात राहिला. कापड नवें असतें तर काय झालें असतें याची कल्पना करवत नाहीं. दोष कोणाचा म्हणावा? मुलगा निष्काळजी नव्हता आणि मिस्त्रीहि अडाणी नव्हता. लाल बटण दाबलें म्हणजे मोटार बंद, ही आपली पन्नास वर्षांची समजूत या यंत्रानें खोटी पाडली आणि तें कोणी कोणास सांगितलें नाहीं. हें यंत्र ज्या विहिरीवर आहे तेथें मोटारीस, केबलास किंवा पंपास हात लावण्यापूर्वीं मेन स्विच पाडून तिन्ही फ्यूज काढावे आणि काम करणारानें ते स्वतःच्या खिशांत ठेवावे. पेटीवर ठळक अक्षरांत 'ही मोटार केव्हांहि आपोआप सुरू होईल' अशी पाटी रंगवावी. रंगाऱ्याचे पन्नास-शंभर रुपये लागतील. विहिरींत उतरणाऱ्या गाळ काढणाऱ्या मजुरांस तर ही गोष्ट तोंडीं सांगितल्यावांचून उतरूं देऊं नये.

सामाईक विहिरींचा प्रश्न निराळा आहे, आणि तो आमच्या जुन्या पेशाचा असल्यामुळें त्यावर थोडें लिहितों. दोन भावांच्या विहिरींत कोणाचा किती हिस्सा हें सातबाराच्या इतर हक्कांत लिहिलेलें असतें. परंतु यंत्रांत ज्याचा फोन मुख्य म्हणून नोंदला असेल तोच आतां व्यवहारांत विहिरीचा धनी होतो. आम्हीं नोकरींत असतां पाण्याच्या पाळीवरून झालेले अर्ज पुष्कळ वाचले आहेत; त्यांत कुलूप तोडल्याची तक्रार असे. आतांची तक्रार अशी येते कीं, धाकट्याची पाळी चालू असतां थोरल्यानें घरबसल्या मोटार बंद केली आणि तोंडानें 'वीज गेली होती' म्हणाला. यावर उपाय सोपा आहे. सर्व हिस्सेदारांचे फोन यंत्रांत नोंदावे, यंत्राचा सांकेतिक अंक कारखान्यांतून आलेला असेल तो त्याच दिवशीं बदलावा व नवा सर्वांस सांगावा, आणि मोटार सुरू किंवा बंद झाल्याचा संदेश एकाच वेळीं सर्वांस जाईल अशी तजवीज करावी. ज्या यंत्रांत एकाच माणसास संदेश जातो तें सामाईक विहिरीवर बसवूं नये. तसें करणें म्हणजे भांडणाचें बीं पेरणें होय. कांहीं यंत्रें तर कोणाचाहि फोन आला तरी सुरू होतात. तीं नोंदलेल्या क्रमांकांपुरतींच बांधून घ्यावीं.

एक किरकोळ गोष्ट. वीज येतांच आपोआप सुरू होण्याची योजना एका रोहित्रावरील सर्वांनींच ठेवली तर पंचवीस मोटारी एका क्षणीं ओढ घेतात व रोहित्र बसतें. यंत्रांत सुरू होण्यास विलंब लावण्याची सोय असते. एका रोहित्रावरील मंडळींनीं एकत्र बसून कोणी दोन मिनिटें, कोणी चार, कोणी सहा असा क्रम लावून घ्यावा.

पाण्याच्या उधळपट्टीविषयींहि लोक बोलतात. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांस राज्य सरकारनें २०२४ पासून वीज मोफत केली, आणि त्यांत हें घरबसल्या सुरू होणारें यंत्र. मग मोटार बंद करण्याची आठवण कोणास राहणार, असा आक्षेप आहे व तो अगदींच खोटा नाहीं. परंतु ज्या यंत्रानें मोटार सुरू होते त्याच यंत्रांत ती अमुक तासांनीं बंद व्हावी असेंहि ठरवितां येतें. रात्रीं जाग येत नाहीं म्हणून सकाळपर्यंत पाटानें पाणी वाहूं देणाऱ्यास पूर्वीं निदान सबब होती.

आपल्या संघाच्या गेल्या सभेंत हीं यंत्रें घाऊक भावानें आणून सभासदांस सवलतीनें द्यावीं असा विचार निघाला होता. आमचा त्यास विरोध नाहीं, मात्र भावाची घासाघीस करण्यापूर्वीं संघानें दोन गोष्टी कराव्या अशी आमची विनंति आहे. पहिली, दोन-तीन कारखानदारांचें एकेक यंत्र आणून तें निरनिराळ्या शिवारांतील विहिरींवर एक पावसाळा व एक उन्हाळा चालवून पाहावें. मोबाईलवरील ॲपच्या सुंदर चित्रांवर भाळूं नये; ज्या यंत्राचा सर्व कारभार कारखानदाराच्या दूरच्या संगणकांतून चालतो तें, तो कारखाना उद्यां बंद पडला तर, कितपत उपयोगाचें राहील हें लेखी विचारून घ्यावें. साध्या फोननें व संदेशानें चालण्याची सोय ज्यांत शिल्लक आहे तेंच आम्ही पसंत करूं. दुसरी गोष्ट, संघाच्या दुकानांत एक जादा यंत्र नेहमीं तयार ठेवावें आणि गांवच्या एका तरुण वायरमनास त्याचें शिक्षण द्यावें. पेरणीच्या दिवसांत यंत्र दुरुस्तीस शहरांत पाठवून पंधरा दिवस वाट पाहावी लागली तर सभासद तें काढून फेकील, आणि पुनः ऑटोच्या जुन्या चालीवर जाईल.

आमच्या विहिरीवरचें यंत्र आतां रोज सकाळीं साडेसहा वाजतां संदेश धाडतें. ज्या दिवशीं तो येत नाहीं त्या दिवशीं आम्ही चहापूर्वीं यंत्रास फोन लावतों आणि उत्तर न मिळाल्यास गाडी काढून बारा किलोमीटर जातों. गेल्या आठ महिन्यांत असें तीनदां घडलें. दोनदां गांवचा टॉवर बंद होता आणि आमचा हेलपाटा फुकट गेला. तिसऱ्यांदा उंदरानें अँटेनाची तार कुरतडली होती. ती बदलून आम्ही दुपारच्या आंत घरीं आलों.